खरड छाटणीच्या दिवसांतला विश्वास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आपल्या दैनिकात नाताळची छायाचित्रे येऊ लागतात. दुकानांत टांगलेल्या चांदण्या, रोषणाई केलेली चर्च, केकसाठी लागलेली रांग. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याआधीच्या चार रविवारांविषयी एक ओळही कुठे दिसत नाही, आणि यात दोष आपल्या वार्ताहरांचा नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांच्याच मंडळ्यांतून ते चार रविवार निसटत चालले आहेत. सांगली-मिरज भागात बायबल अभ्यासाचे वर्ग घेणाऱ्या आम्हा काही जणांना याविषयी चार गोष्टी मांडायच्या आहेत.

या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान पडतो, त्यामुळे हा काळ कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा होतो. रंग जांभळा, पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा. जिथे प्रथा आहे तिथे तिसऱ्या रविवारी गुलाबी. नाताळ सुरू होतो तो २५ डिसेंबरला आणि पुढे बारा दिवस चालतो. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी, लोकांच्या भेटीची आठवण ६ जानेवारीला. आपल्याकडे सगळे उलटे झाले आहे. नोव्हेंबर सरता सरता कॅरलच्या फेऱ्या, दहा तारखेच्या आत तीन ठिकाणी स्नेहभोजने, आणि २६ तारखेला चांदणी उतरवून माळ्यावर. वाट पाहायचे दिवस सणाने खाल्ले आणि सणाचे दिवस ओस पडले.

हे नुसते पंचांगाचे भांडण असते तर पत्र लिहिले नसते. दरवर्षी चार आठवडे वाट पाहण्याचा सराव करण्याची ही सोय आहे. तो सराव सुटला की खरी प्रतीक्षा वाट्याला येते तेव्हा माणसाच्या हातात काहीच नसते. स्पर्धा परीक्षेचा लांबलेला निकाल, न जमणारे लग्न, न होणारे मूल, कोर्टाची पुढची तारीख, बायॉप्सीचा रिपोर्ट. मिरज तर मुळातच वाट पाहणाऱ्यांचे गाव आहे, एकीकडे रेल्वेचे जंक्शन आणि दुसरीकडे दवाखाने. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून या गावात बाकड्यांवर बसून किती लोकांनी प्रार्थना केल्या असतील याची मोजदाद नाही.

अशा वेळी विश्वास वाढतो कसा, हे समजावायला सांगली जिल्ह्यात दृष्टान्त शोधायला लांब जावे लागत नाही. तासगाव, पलूस, कवठे महांकाळचा कोणताही बागायतदार सांगेल की द्राक्षाच्या वर्षात दोन छाटण्या असतात. माल उतरला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. फळ दिलेली काडी एखादा डोळा राखून कापून टाकतात आणि बाग बोडकी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी घड हातात येतो. बाहेरच्या माणसाला वाटते, घड ऑक्टोबरनंतर तयार झाला. तो ऑक्टोबरनंतर नुसता दिसतो. तयार होतो त्याच्या कितीतरी आधी, खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, नव्या काडीवरच्या डोळ्याच्या आत, नुसत्या नजरेला न दिसणाऱ्या आकारात. त्या दिवसांत आभाळ ढगाळ राहिले, काड्यांच्या गर्दीने डोळ्यांवर ऊन पडले नाही, किंवा नत्र-पाणी जास्त होऊन वेल नुसताच पाल्यावर माजला, तर घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. ऑक्टोबरात मग कितीही फवारा, डोळ्यात जे नाही ते फुटणार कुठून?

योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. फळ न देणारा फाटा माळी काढून टाकतो, हे वाक्य प्रवचनात फार ऐकू येते. त्याला जोडूनच येणारे वाक्य मात्र घाईत वाचले जाते: फळ देणाऱ्या फाट्यालाही, आणखी फळ यावे म्हणून, कात्री लागते. तेव्हा लांबलेली प्रतीक्षा ही शिक्षाच असली पाहिजे, असा निष्कर्ष काढायला या अध्यायात आधार नाही. आणि फाट्याला इथे काम एकच दिले आहे, वेलात राहण्याचे. मूळ ग्रीकमध्ये चौथ्या ते दहाव्या वचनांत 'राहणे' हे क्रियापद दहा वेळा येते. (पाल्यावर माजण्याबद्दलही बोलायला हवे. रोज पाच ग्रुपवर 'आजचे वचन' पुढे ढकलणे आणि आठवड्याला तीन जागरणे हा बऱ्याचदा जास्त झालेला नत्रच असतो. बाग हिरवीगार दिसते, एवढेच.)

प्रतीक्षेत काय बिघडते आणि का, याचे तीन नमुने पवित्र शास्त्रातच आहेत. तिन्ही चुकांची कारणे वेगळी आहेत, म्हणून ती वेगवेगळीच पाहायला हवीत.

अब्राहाम हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. देवाने संततीचे वचन दिलेले असूनही या पंचवीस वर्षांत मध्येच धीर सुटला, पत्नी साराने आपली दासी हागार हिला पुढे केले आणि इश्माएल झाला. तेव्हा अब्राहामाचे वय ८६. इथे देवाच्या वचनावर अविश्वास नव्हता. वचन खरे मानूनच देवाला हातभार लावायची घाई झाली. लग्नाच्या बाबतीत ही चूक सर्रास होते. 'प्रभूने स्थळ दाखवले' म्हणत चौकशी न करता सुपारी फोडायची आणि मग तेच निभावत बसायचे.

शौल राजाचे वेगळे. लढाईच्या तोंडावर शमुवेल संदेष्टा येईपर्यंत गिलगालात सात दिवस थांबायला सांगितले होते, तो थांबलाही. पण माणसे पांगू लागली आणि त्याने स्वतःच होमार्पण केले. यज्ञ आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल येऊन उभा. नंतर मोजले तर सुमारे ६०० माणसे उरली होती. शौलाचे लक्ष घड्याळावर नव्हते, शिरगणतीवर होते. 'लोक काय म्हणतील', 'बरोबरीच्या सगळ्यांची झाली' ही त्याचीच आजची भाषा.

आणि तिसरी गोष्ट सोन्याच्या वासराची. मोशे डोंगरावर ४० दिवस होता. त्याला उशीर झाला तसे लोकांनी अहरोनाकडे डोळ्यांना दिसेल असे काहीतरी मागितले. आज त्या वासराच्या जागी आहे तारखेसह भविष्य सांगणारा माणूस. 'तीन महिन्यांत ऑर्डर हातात', 'पुढच्या इस्टरला मांडीवर मूल', आणि पाठोपाठ अर्पणाचे पाकीट. मुदत टळली की 'तुमचा विश्वास कमी पडला'. ज्या घराला आधीच घाव बसला आहे त्याच्यावर हा दुसरा.

याच संदर्भात यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन पाहा. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अशा अर्थाचे हे वचन कॅलेंडरवर, गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे असते. त्याच्या लगेच आधीचे दहावे वचन कुणी छापत नाही, कारण त्यात मुदत आहे, सत्तर वर्षांची. हा अध्याय म्हणजे यिर्मयाने पाठवलेले पत्र; ते ज्यांना लिहिले ते बाबेलात बंदिवान होते आणि त्यांतल्या प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधीच्याच, २८ व्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांची गोड मुदत दिली होती, ती खोटी ठरली. यिर्मया मात्र सांगतो: घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्याने हातातली नोकरी, मग ती लहान का असेना, मन लावून करावी. खोली भाड्याची असली तरी कुंडीत तुळस-कढीपत्ता लावावा. आयुष्य निकालानंतर सुरू करायचे असे ठरवले की निकाल लागल्यावरही ते सुरू होत नाही.

आता रोजच्या नेमाविषयी. स्तोत्र १३ अवघे सहा वचनांचे आहे आणि प्रतीक्षेसाठी याहून सोपा साचा आम्हाला ठाऊक नाही. पहिल्या दोन वचनांत गाऱ्हाणे, त्यात 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोन वचनांत मागणे. शेवटच्या दोनांत भरवसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागामध्ये परिस्थिती बदलल्याचा उल्लेख कुठेही नाही, हे मुद्दाम पाहावे. रोज पंधरा मिनिटे काढा आणि प्रत्येक भागाला पाच-पाच द्या. गाऱ्हाणे मोठ्याने, आपल्या घरच्या बोलीत. मागणे एकाच वाक्यात. भरवशाच्या पाच मिनिटांत आजवर पदरात पडलेली एकच गोष्ट नाव घेऊन आठवायची, 'सर्व उपकारांबद्दल' असे मोघम नाही.

यात दोन ठिकाणी गाडी अडते. जुन्या वळणाच्या घरांत पहिला भाग गाळतात, कारण गाऱ्हाणे म्हणजे अविश्वास असा समज आहे. मग तेच गाऱ्हाणे दिवसभर घरातल्या माणसांवर निघते. काहींची प्रार्थना उलट पहिल्या भागातच अडकून राहते. त्यासाठी घड्याळ लावावे. आणि एखाद्या दिवशी तिसरा भाग ओठांवर येतच नसेल तर ओढून आणू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपते आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. त्या दिवशी तेवढेच वाचून उठावे.

सुरुवातच एक तासाची करणाऱ्यांचा नेम बहुधा पहिला आठवडाही गाठत नाही. पंधरा मिनिटेच, पण वेळ आणि जागा ठरलेली. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नये. चुकलेला दिवस सोडून द्यावा. थकबाकी साठली की माणूस वहीच उघडेनासा होतो.

वही मात्र हवी. शंभर पानी पुरते. तारीख, मागणे, आणि तिसरा रकाना रिकामा. स्वतःचे एक मागणे लिहिले तर खाली दोन इतरांची लिहायची. हे प्रमाण पाळले नाही की दोन महिन्यांत सगळी वही एकाच विषयाने भरते आणि प्रार्थना म्हणजे जखमेची खपली काढत बसणे होते. तिसरा रकाना रोज भरायचा नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास बसून मागची पाने वाचायची आणि जिथे काही घडले तिथे लिहायचे, होकार, नकार किंवा भलतेच काही. इतरांसाठी केलेल्या मागण्यांची उत्तरे त्यात आधी दिसू लागतात. बायबल उघडून डोळे मिटून बोट ठेवायचे आणि निघालेल्या वचनावर निर्णय घ्यायचा, हा प्रकार मात्र कृपा करून बंद करावा. ती चिठ्ठी काढणे झाली.

उपास करायचा तर आठवड्यात एका वेळच्या जेवणाचा, पाणी पीत. यशया ५८ वाचले तर ते न खाल्लेले जेवण भुकेल्याकडे जायला हवे, म्हणजे तो डबा दवाखान्यात कुणा रुग्णाच्या नातेवाइकाला द्यावा. साखरेचे, रक्तदाबाचे रुग्ण, गरोदर बाया आणि गोळ्या चालू असलेल्या कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये. 'विश्वासाने' औषध थांबवणाऱ्यांनी यशयाचा ३८ वा अध्याय वाचावा. हिज्कीया राजाला १५ वर्षे आयुष्य वाढवून देण्याचे वचन मिळाले, आणि त्याच अध्यायात गळवावर अंजिरांचा लेप लावायलाही सांगितले आहे.

सोबत्यांविषयी थोडे. येशूच्या स्वर्गारोहणापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंतचे, दहा दिवस सुमारे १२० जण यरुशलेमात एकचित्ताने प्रार्थना करत थांबले, एकेकटे नव्हेत. त्यात त्यांनी प्रेषिताच्या रिकाम्या जागी मत्थियाची निवडही उरकली, म्हणजे काम थांबवले नव्हते. ज्याला जमेल त्याने एक सोबती गाठावा आणि आठवड्यातून अर्धा तास द्यावा. सोबत्याने पहिल्याच मिनिटाला 'देवाची वेळ आली की होईल' म्हणू नये. वाक्य खरे असले तरी त्याने समोरच्याचे तोंड बंद होते. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ न बोलता बसले, तिथपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते.

दवाखान्यात भेटायला जाल तर दहा मिनिटे पुरेत. आधी सिस्टरांना विचारावे, वॉर्डात मोठ्याने प्रार्थना करू नये, शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा रुग्ण असतो आणि तोही वाटच पाहत असतो. स्तोत्र २७ चे शेवटचे वचन हळू आवाजात वाचावे. बाहेर बसलेल्या नातेवाइकाला जेवायला सोडून तासभर त्याच्या जागी बसलात तर ती प्रार्थनेइतकीच सेवा.

घरात एकाने ख्रिस्त स्वीकारला आहे आणि बाकीच्यांनी नाही, अशी प्रतीक्षा आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. साताऱ्यात ज्यांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापला त्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मधला. त्यांच्यासारख्यांनाही मध्ये पाच वर्षे लागली. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अशा घरातल्या पत्नीला वागणुकीने, शब्दांवाचून, जिंकायला सांगतो. जेवताना उपदेश आणि देवघरावरून रोज वाद, याने प्रतीक्षा लांबते. पुंडलिकासाठी विटेवर थांबलेला विठ्ठल ज्या मातीत घरोघर ठाऊक आहे, तिथे वाटेकडे डोळे लावून बसलेला लूक १५ मधल्या उधळ्या मुलाचा बाप समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

आगमनकाळ घरी पाळायचा तर लूककृत शुभवर्तमान घ्यावे. त्याचे २४ अध्याय आहेत, १ डिसेंबरपासून रोज एक वाचला तर नाताळच्या आदल्या रात्री पुरे होते. अडचण पहिल्याच दिवशी येते, कारण पहिला अध्याय ८० वचनांचा आहे आणि पोरे कंटाळतात. तो ३८ व्या वचनाशी तोडून सकाळ-संध्याकाळ असा वाचावा. दुसऱ्या अध्यायातला शिमोन आणि ८४ वर्षांची विधवा हन्ना ही दोन म्हातारी माणसे, घरातल्या आजी-आजोबांना मोठ्याने वाचायला द्यावीत.

चार मेणबत्त्यांचे चक्र १८३९ साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये मुलांच्या एका आश्रमात विखर्न नावाच्या पाळकांनी सुरू केले, असे मानतात. मुले नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून विचारत होती. त्यासाठी महागडी वस्तू आणायला नको. दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या आणि मध्ये एक पांढरी मेणबत्ती चालते. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे जेवणाआधी पंधरा मिनिटे लावावे. मेणबत्त्याच वापरल्या तर पहिली सर्वांत आखूड होते. ती बदलू नये, तीच तर खूण. आंब्याची डहाळी भोवती ठेवत असाल तर दर शनिवारी ताजी आणा, आठवड्यात पाने वाळतात आणि पेट घेतात.

पाळकांना आणि पंच कमिटीच्या सभासदांना विनंती अशी की कॅरलच्या फेऱ्या तिसऱ्या रविवारानंतरच काढाव्यात आणि काही घरे २५ तारखेनंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावीत. आजारी आणि एकट्या माणसांकडे २८-२९ डिसेंबरला कुणीच फिरकत नाही. आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की 'आजचे कार्यक्रम' सदरात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची एका ओळीची नोंद घ्यावी.

चांदणी ६ जानेवारीपर्यंत ठेवायला वीजबिलाची सबब सांगितली जाते. सात वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर बारा दिवसांत अर्धा युनिटही जळत नाही.

कळावे,
आपले नियमित वाचक,
बायबल अभ्यास वर्ग चालवणारे काही जण, मिरज (जि. सांगली)